काम आणि कायदा (लेखांक ५) : सांगितलं तर नाव कोणाचं येईल?

अपघातानंतर नुकसानभरपाई कशी मिळते, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आजचा प्रश्न अपघाताच्या आधीचा आहे. धोका समोर दिसत असताना कामगार गप्प का बसतो?

सणासुदीत नागपूरच्या बर्डीवरच्या एखाद्या भरगच्च दुकानाचा मागचा जिना पाहा. पायऱ्यांवर कापडाचे गठ्ठे, बुटांचे खोके रचलेले. आग लागली तर बाहेर पडायची वाट हीच, हे काउंटरवरच्या पोराला कळतं. एकदा तो बोलून पाहतो. "तू गिऱ्हाईक पाय ना बाबू," एवढंच उत्तर मिळतं. पुढे तो बोलत नाही. आग कदाचित कधीच लागणार नाही, शेठची नाराजी मात्र आजच ओढवेल, असा त्याचा साधा हिशेब असतो.

बर्डीहून अमरावती रस्त्याला लागलं की वाडीपुढे धामणा आणि त्यापुढे बाजारगाव येतं. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात ९ कामगार गेले, त्यांत ६ महिला होत्या. १३ जून २०२४ रोजी धामण्यात स्फोट झाला, तिथेही महिलांचे बळी गेले. स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. पण यंत्राचा बदललेला आवाज सगळ्यांत आधी ऐकू येतो तो त्यावर काम करणाऱ्या बाईला. ती कंत्राटी असेल, तर ठेकेदाराचं "उद्यापासून येऊ नको" एवढं वाक्य तिची रोजी बुडवायला पुरतं.

ही भीती कायद्यालाही ठाऊक आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेत जिवाला तातडीचा धोका वाटला तर व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. तक्रारदाराचं नाव निरीक्षकाने गुप्त ठेवायचं, तपासणी तक्रारीवरून होते आहे हेही मालकाला सांगायचं नाही, अशीही तरतूद झाली. पण पाच जणांच्या खोलीत नाव गुप्त राहतंय कुठे? मालक अंदाजानेच ओळखतो. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली आहे. धोका सांगण्याचा हक्क तिच्यातही आहे, पण तो वापरायचं धाडस कलमातून येत नाही.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या चमूंमध्येच जास्त चुका नोंदलेल्या आढळल्या. तिथे लोक चुका लपवत नव्हते. म्हणून कोरी तक्रारवही पाहून मालकाने निश्चिंत होऊ नये. शेवटची तक्रार करणारा आज त्याच कामावर आहे का, हे आधी तपासावं. बाकीचे कामगार तेच पाहून बोलायचं की नाही ते ठरवतात.

(पुढील लेखांक : सुरक्षा समितीत कामगारांचं कोण बसतं?)