खोक्यावरचे आकडे आणि मंडपातला उजेड

उमरेडची कितीतरी तरुण मुले लग्नाचे फोटो काढून घर चालवतात. कॅमेरा मात्र हप्त्यावर येतो. म्हणून खोक्यावर लिहिलेले कितपत खरे, हे आम्ही कॅनन १५००डी या २०१८ साली आलेल्या कॅमेऱ्यावर पडताळून पाहिले.

२४ मेगापिक्सेल खरेच आहेत. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा निघतो, १२ बाय १८ इंची अल्बमला पुरून उरतो. सेकंदाला ३ फोटो, हेही घड्याळ लावून पटले. पण हार गळ्यात पडण्याचा नेमका क्षण त्या तिघांत सापडेलच असे नाही!

खरी कसोटी संध्याकाळच्या मंडपात. आयएसओ ६४०० लिहिले आहे आणि तिथवर फोटो निघतोही. पण मोठा करून पाहा, नवरीच्या गालावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. आमच्या मते १६०० पर्यंत ठीक, पुढे फ्लॅश बरा. दुकानाच्या झगमगाटात हे कळायचे नाही. तेव्हा वाचकहो, आपले कार्ड सोबत न्यावे, दुकानातच एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात माणसाचा चेहरा टिपावा, घरी संगणकावर मोठा करून पाहावा आणि मगच हप्त्याच्या कागदावर सही करावी.