भाषेचे जतन : शब्दकोश, कथा आणि श्रोते

भाषा जतन करायची म्हटले की आपल्याला प्रथम शब्दकोश आठवतो. तो हवाच. पण कथा आणि गीते का हवीत, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

१. कथेत काय टिकते?

अंदमानातील 'बो' भाषा बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये वारल्या. भाषावैज्ञानिक अन्विता अब्बी यांनी त्यांचे बोलणे आणि गाणी ध्वनिमुद्रित केली होती. आपल्या भाषेत बोलायला कोणी उरले नसल्याने बोआ सीनियर पक्ष्यांशी बोलत, असे अब्बी सांगतात.

नाओ ज्युनियर यांनी अब्बींना सांगितलेल्या एका ग्रेट अंदमानी कथेत जिरो मिथेला मासा गिळतो आणि शेवटी माणसांचे पक्षी होतात. म्हणजे पक्षी हे पूर्वज. आता बोआ सीनियर कोणाशी बोलत होत्या, हे तुमच्या लक्षात येईल. शब्दकोशात 'पक्षी' या अर्थाचा शब्द सापडेल. हे नाते कथेतच सापडते. शिवाय वाक्याला वाक्य कसे जोडतात, कोणाला कसे संबोधतात, हेही सलग कथनातच दिसते.

२. मर्यादा

नाओ ज्युनियर यांनी ही कथा कित्येक वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. ती आठवून आठवून जुळवावी लागली. नवी पिढी हिंदी बोलू लागली होती. अब्बींनी जमवलेल्या १० कथा आणि ४६ गीते २०२१ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुस्तकाने कथा वाचली. पण ती त्या भाषेत ऐकणारी मुले पुस्तक कोठून आणणार?

३. संताळीचा मार्ग

पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संताळीसाठी ओल चिकी लिपी तयार केली. लिपी देऊन ते थांबले नाहीत. 'बिदू-चांदन'सारखी नाटके आणि गीते त्यांनी लिहिली. त्यामुळे लिपी शिकणाऱ्याला त्या लिपीत वाचण्याजोगे काही मिळाले. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने संताळी आठव्या अनुसूचीत आली. अर्थात, संताळीचे भाषक लाखोंनी होते, ही मोठी अनुकूलता ध्यानात ठेवावी.

४. निष्कर्ष

ध्वनिमुद्रण भाषेची स्मृती राखते. सांगणारा आणि ऐकणारा मिळून भाषा राखतात.

स्वाध्याय : घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्यांकडून त्यांच्या बोलीतील एक कथा, त्यांची परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रित करा. मग तीच कथा त्याच बोलीत एखाद्या लहान मुलाला सांगा. कोणत्या शब्दापाशी अडखळलात, ते लिहून ठेवा.