नव्या धंद्याला हिशेबनीस हवा

गावात नवं दुकान निघालं की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, पाटी रंगवून होते. हिशेब कोण लिहिणार हा प्रश्न मात्र बहुधा मार्चअखेर आठवतो. तोवर निम्मी बिलं डब्यामागे गेलेली असतात आणि उरलेली धुण्यात. मी हिशेबशास्त्रच शिकवतो. पण माझा एक जुना विद्यार्थी नेमका याच बाबतीत फसला, म्हणून हा विषय घेतला.

त्यानं गावी लाकडी तेलघाणा घातला. शहरातले दुकानदार तेल घ्यायला तयार झाले. अट एकच, जीएसटीचं पक्कं बिल हवं. कारण तेलावर भरलेला कर त्यांना पुढे वजा मिळतो. एरवी महाराष्ट्रात, राज्यातल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर नोंदणीची सक्ती सहसा नसते. यानं गिऱ्हाइकासाठी ती आपण होऊन घेतली. तालुक्याच्या एका हिशेबनिसानं, 'तुम्ही काळजीच करू नका,' म्हणत सगळं काम अंगावर घेतलं आणि नोंदणीत मोबाइल घातला तो स्वतःचा, ईमेलही स्वतःचा. आमचा पठ्ठ्या महिन्याच्या महिन्याला पैसे पोचवी. पत्रकं मात्र भरलीच गेली नाहीत. चार महिन्यांनी दुकानदार म्हणाले, "अहो, तुमच्या बिलांचा कर आमच्या खात्यात दिसतच नाही!" माल बंद झाला. खात्याच्या सूचना येत होत्या, पण त्या हिशेबनिसाच्या मोबाइलवर. सलग सहा महिने पत्रक भरलं नाही तर नोंदणीच रद्द होऊ शकते, हे याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की मोबाइल आणि ईमेल आपलाच हवा. आणखी एक सोय फार थोड्यांना ठाऊक असते. जीएसटीच्या संकेतस्थळावर आपला नोंदणी क्रमांक घातला, की कुठलं पत्रक कधी भरलं ते कुणालाही दिसतं; पासवर्डसुद्धा लागत नाही. दुकानदाराला जमत नसेल तर गावच्या गुरुजींनी पाच मिनिटं काढून दाखवावं.

आता माणूस कसा पारखायचा? रोजकीर्द आणि खतावणी लिहायला सनदी लेखापाल, म्हणजे सीए, लागतोच असं नाही; जाणता मुनीम किंवा कर सल्लागार पुरतो. लेखापरीक्षण असेल किंवा बँकेला दाखला हवा असेल, तर मात्र सीए. सीएनं सही केलेल्या अशा कागदावर २०१९ पासून १८ अंकी यूडीआयएन क्रमांक असावा लागतो. तो खरा की खोटा हे त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतं.

आपल्यासारखाच धंदा करणारी त्याची दोन गिऱ्हाइकं गाठा आणि त्यांना विचारा, पत्रक भरल्याची पोच हातात मिळते का? मोबदला महिन्याचा की कामागणिक, नोटिशीच्या उत्तराचे पैसे निराळे का, हेही आधीच बोलून घ्यावं. पहिल्याच भेटीत 'कर वाचवून देतो' म्हणणाऱ्यापेक्षा 'रोख किती, उधारी किती?' असं विचारणारा मला बरा वाटतो. छोट्या व्यापाऱ्याला दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरून प्राप्तिकर भरता येतो. रोखीच्या विक्रीवर आठ, बँकेतून आलेल्यावर सहा. ही सवलत घेतली की हिशेबनिसाचं काम कमी होतं. तरीही जो ती आपण होऊन सांगतो, त्याला सोडू नये.

आमच्या घाणेवाल्याला मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी कागदपत्रं घेऊन कर कार्यालयात जावं लागलं. विलंबशुल्क गेलं ते स्वतःच्या खिशातून. आता तो दर महिन्याला पोच छापून वहीला चिकटवतो. दोन दुकानदार परत आले. तिसरा अजून आलेला नाही.