तुळशीला बल्ब पुरतो का? दिव्याखालच्या झाडांचा हिशेब

लकडगंजात झाडांवर बोलायचे म्हणजे थोडी भीतीच वाटते. इथल्या वखारींत सागाचा ओंडका नुसता पाहून त्यात किती घनफूट माल निघेल हे सांगणारी माणसे बसलेली आहेत. पण आज आपण लाकूड मोजणार नाही, उजेड मोजणार आहोत. ओंडक्यातले लाकूड हवा, पाणी आणि उन्हाच्या ताकदीवर तयार झाले आहे. मग तसाच उजेड घरात, गोदामात विजेच्या दिव्याने देता येईल का, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न दोन ठिकाणांहून आला. आधीच्या कार्यक्रमानंतर एक काकू भेटल्या. जुने अंगणाचे घर पाडून फ्लॅट झाला, तुळशीची कुंडी आत आली. "बल्ब रोज लावते, तरी तुळस काहून वाळली?" असे त्यांनी विचारले. दुसरे एक भाऊ. त्यांचे गोदाम रिकामे आहे आणि "बंद खोलीत केशर पिकवा, लाखोंनी कमवा" अशी जाहिरात त्यांच्या मोबाइलवर आली होती. पैसे भरायच्या आधी त्यांनी विचारले, हे बरे झाले.

दोघांचे उत्तर एकाच गोष्टीत आहे. झाडासाठी उजेड दोन कामे करतो. एक, तो अन्न शिजवायची ताकद देतो. दोन, तो निरोप देतो: दिवस किती मोठा आहे, फुलायचे की थांबायचे. निरोपाला थोडा उजेड पुरतो, तो स्वस्त पडतो. अन्नाला भरपूर उजेड लागतो, तो महाग पडतो. ही दोन कामे एकात मिसळली की माणूस फसतो.

आधी निरोपाचे बघू. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी दाखवून दिले की काही झाडे दिवसाच्या लांबीवर फुलतात. पुढे कळले की झाड खरे तर रात्र मोजते. शेवंतीला लांब, सलग रात्र मिळाली की कळी धरते. म्हणून पॉलिहाउसमध्ये शेवंती करणारे शेतकरी मध्यरात्री काही तास दिवे लावतात. रात्र तुटली की शेवंती फुलायचे लांबवते आणि दांडा वाढवत राहते. ड्रॅगन फ्रूटचे उलटे. त्याला छोटी रात्र आवडते, म्हणून हंगाम नसताना रात्री दिवे लावून फुले आणतात. व्हिएतनाममध्ये अशी बागच्या बाग रात्री उजळलेली असते. नागपुरात डिसेंबरात दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो आणि जूनमध्ये साडेतेरा तासांच्या जवळ जातो. एवढा फरकही झाडाला कळतो. पण लक्षात घ्या, या शेतांत अन्नाचे काम दिवसा सूर्यच करतो. दिवा फक्त निरोप्या आहे.

आता अन्न. आपला डोळा इथे मोठा दगा देतो. भर दुपारी मोकळ्यावर १,००,००० लक्स उजेड असतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत २०० ते ३०० लक्स. म्हणजे तीनशे ते पाचशे पटींचा फरक. पण बाहुली लहान-मोठी होते, डोळा जुळवून घेतो आणि आपल्याला खोली लख्ख वाटते. पान असे जुळवून घेऊ शकत नाही. त्याच्यावर प्रकाशाचे जितके कण पडतील, त्या हिशेबानेच साखर तयार होते.

हे कण फोटॉन. ते इतके असंख्य असतात की मोल नावाच्या मोठ्या मापाने मोजतात, जसा आपण धान्याचा दाणा न मोजता पोते मोजतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशी नागपूरच्या गच्चीवर एका चौरस मीटरला ३५ ते ४५ मोल पडतात. टोमॅटोला रोज २० ते ३० मोल हवेत. तुळस, पालक, लेट्यूस यांना साधारण १२ धरा. मनी प्लांट दोन-चारांवरही तग धरतो. आणि २०० लक्सची खोली सोळा तास उजळत ठेवली तरी पानावर पाव मोलही पडत नाही. काकूंची तुळस उपाशी होती. शिवाय उपाशी झाड पाणी कमी पिते, आणि आपण रोज श्रद्धेने तांब्याभर घालतो. मुळे कुजतात ती त्यामुळे.

मग दिवे वाढवून बघू. चार फूट लांब, जेमतेम फूटभर रुंद फळी घ्या. वीस वॉटची, २,००० लुमेनची साधी पांढरी एलईडी ट्यूब पानांच्या वर फूटभरावर टांगा. काही उजेड बाजूला सांडतो, तो वजा करून सोळा तासांत फळीवर चारेक मोल पडतात. तुळशीचे १२ हवेत तर तीन ट्यूबा झाल्या. तीन गुणिले वीस वॉट गुणिले सोळा तास, म्हणजे रोज जवळजवळ एक युनिट, महिन्याला तीस. युनिटला दहा रुपये धरले तर ३०० रुपये. एवढ्या पैशांत बाजारातून किती मेथी-कोथिंबीर येते, हे इथल्या प्रत्येकाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. पण हौसेला, रोपे तयार करायला, किंवा तुळशीच्या श्रद्धेला ३०० रुपये हा मोठा खर्च नाही. ते ज्याने त्याने ठरवावे.

जांभळे दिवेच घ्यावेत का, असे बरेच जण विचारतात. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषते, हे खरे. म्हणून ते दिवे निघाले. पण हिरवा प्रकाश वाया जातो हा गैरसमज आहे. पान त्यातलाही बराचसा शोषून घेते. साधा पांढरा एलईडी चालतो. त्यात झाडावरची कीड, पिवळेपणा नीट दिसतो, आणि घर सिनेमाच्या सेटसारखे दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, प्रयोगशाळेत तर साध्या ट्यूबखाली हजारो रोपे वाढतात, त्याचे काय? बरोबर आहे. जळगावकडे ऊतिसंवर्धनाने केळीची रोपे करतात, तिथे मांडण्यांवर बाटल्याच बाटल्या आणि वर ट्यूब असतात. आपल्या अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. तिथे संत्र्याचे रोगमुक्त रोप करताना सूक्ष्म शेंड्याचे कलम बांधतात. त्या पद्धतीत खुंटाचे बी आधी चक्क अंधारात उगवतात, कलम झाल्यावर उजेडात आणतात. उजेड तिथे दोन-तीन हजार लक्स असला तरी भागते, कारण बाटलीतल्या खाद्यात साखर घातलेली असते. जेवण बाटलीतून आणि निरोप दिव्यातून. तेच रोप बाटलीबाहेर काढले की त्याला स्वतः स्वयंपाक करावा लागतो, मग शेडनेट आणि ऊन लागतेच.

आता गोदामातले केशर. केशराचा कंद म्हणजे भरलेली शिदोरी. थंडावा आणि ओलावा नीट दिला की तो मंद उजेडातही फुलतो. जाहिरातीतला फोटो खोटा नसतो. आपल्या राज्यात बंद खोलीत केशर फुलवणारे लोक आहेत, नागपुरातही आहेत. पण फूल येते ते मागच्या वर्षीच्या शिदोरीवर. पुढच्या वर्षीचा कंद भरायचा तर फुलांनंतर पानांना कित्येक आठवडे भरपूर उजेड हवा. तो कमी पडला की कंद बारीक होतात, आणि बारीक कंदाला फूल येत नाही. मग दरवर्षी नवे कंद विकत घ्या. म्हणून विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची फुले दाखवता का, त्याच कंदांची?"

आणि फळभाजी करायची असेल तर हा हिशेब घरी करून बघा. शंभर चौरस फुटांवर टोमॅटोला रोज २५ मोल द्यायचे, तर उत्तम दिव्यांनीही रोज २५ ते ३० युनिट जळतात. ही जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना ती बाहेर काढायला वरून एसी. ज्या गावात ऊन एवढे पडते की आपण कूलर लावून त्याच्यापासून पळतो, तिथे तेच ऊन विजेने विकत घ्यायचे!

मग करावे काय? आधी मोबाइलवर लक्स मोजणारे ॲप घ्या. ते अंदाजच सांगते, पण डोळ्यापेक्षा बरे. कुंडी जिथे ठेवायची तिथे, पानांच्या उंचीवर, सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोजा. नुसत्या दिव्यावर तुळस सोळा तासांत जगवायची तर पानांवर १४,००० लक्सच्या आसपास हवेत. खिडकीतून काही तास ऊन येत असेल तर दिव्याचे काम तेवढे कमी होते. दिवा छताला लावू नका, फूटभरावर आणा, वर पांढरा पत्रा किंवा पुठ्ठा लावा. रात्री किमान आठ तास अंधार द्या, टायमर स्वस्त मिळतो. माती बोटाने चाचपून मगच पाणी घाला. आणि झाड लांबोडके होऊन दोन पानांतले अंतर वाढू लागले, तर खत घालू नका. ते उजेड मागते आहे.

काकूंना आम्ही शेवटी दिवा सांगितलाच नाही. त्यांच्या इमारतीला गच्ची आहे. चार घरांनी मिळून तिथे एक वृंदावन करावे, असे सुचवले. किल्ली कोणाकडे असते, एवढाच प्रश्न उरला होता. गोदामवाल्या भाऊंनी अजून पैसे भरलेले नाहीत. तो प्रश्न त्यांनी विचारला आहे, उत्तराची वाट बघत आहेत.

तुमचेही प्रश्न असतील, ते घेऊ या.