घर विकण्यापूर्वी आधी कागद, मग रंग

घर विकायचे ठरले की पहिला निरोप जातो रंगाऱ्याला. भिंतींवरची ओल झाकली जाते, फुटकी कौले बदलतात, माळ्यावरची अडगळ भंगारात निघते. जबलपूरच्या सदरमध्ये मात्र आधी कागद तपासलेले बरे. सदर हा छावणीचा, म्हणजे कॅन्टोन्मेंटचा भाग. छावणीतल्या कित्येक जुन्या बंगल्यांत घर आपले असते, पण जमीन सरकारची!

याचे मूळ १८३६ सालच्या आदेशात आहे. ‘ओल्ड ग्रँट’च्या या अटींनुसार एक महिन्याची नोटीस आणि बांधकामाची भरपाई देऊन सरकार जमीन परत घेऊ शकते. असे घर विकायला परवानगी लागते. सागर छावणीतल्या एका बंगल्याच्या वादात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने छावणीच्या जमीन नोंदवहीलाच महत्त्व दिले.

म्हणून आधी ‘जनरल लँड रजिस्टर’मधला उतारा काढावा. जमीन खासगी, भाडेपट्ट्याची की ग्रँटची, ते त्यात कळते. नोंद अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर वारसांची नावे चढवून घ्यावीत. सासरी गेलेल्या बहिणींचाही हक्क असतो. त्यांची संमती आधीच घ्यावी. थकलेली घरपट्टी भरावी. मंजुरीशिवाय मागे खोली काढली असेल, तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

नाहीतर इसार घेतल्यावर व्यवहार अडतो आणि त्या पैशांवर ठरवलेले मुलीचे लग्न किंवा नवा फ्लॅट लांबणीवर पडतो. कागद हाती आले, की मग खुशाल रंगाऱ्याला बोलवावे.