सामाईक विहिरीचे सहा वाटेकरी

जेरुसलेम, मार्च २०१९

शिक्रापूरला आमच्या मळ्यात एक सामाईक विहीर आहे. वाटेकरी चार, मोटार एक आणि पाळ्या आजोबांच्या वेळेपासून ठरलेल्या. कठड्याचे दोन चिरे निखळून पंधरा वर्षं झाली. ते बसवायला हवेत हे चौघांनाही पटतं. पण जो बसवेल तो उद्या विहिरीवरच हक्क सांगेल, या धास्तीनं एक पुढे झाला की तिघे आडवे येतात. इथल्या गाइड बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "मग आजची अर्धी चक्कर तुम्हाला न फिरताच कळलीय."

चक्कर म्हणजे जुन्या शहरातली तीन-चार तासांची पायपीट. आपल्या गावठाणासारखंच हे शहर : भोवती तट, तटाला वेशी, आत बोळ. सगळं मिळून एक चौरस किलोमीटरही भरत नाही. तट सोळाव्या शतकात उस्मानी सुलतान सुलेमाननं बांधून घेतला. आम्ही आत शिरलो याफा वेशीनं. वेशीला लागून तटाला खिंडार आहे आणि मोटारी त्यातून जातात. १८९८ साली जर्मनीचा कैसर विल्हेल्म येणार होता, त्याच्या स्वारीसाठी तट फोडून ही वाट केली. पुढे डिसेंबर १९१७मध्ये तुर्कांना हटवून इंग्रज सेनापती ॲलन्बी आला, तो मात्र घोड्यावरून उतरून वेशीतून पायी आत गेला. कैसरापेक्षा आपण नम्र, हे दाखवण्याचाही थाट असतोच.

वाचकांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. १९६७च्या युद्धात इस्रायलनं हा पूर्वेकडचा भाग जॉर्डनकडून घेतला. इस्रायल अख्खं शहर आपली राजधानी मानतो, पॅलेस्टिनी लोक पूर्व जेरुसलेम आपली म्हणतात, आणि बहुतेक देशांचे दूतावास तेल अवीवलाच आहेत. अमेरिकेनं गेल्या वर्षी आपला इथे हलवला. त्यामुळे गाइडला तोंड सांभाळून बोलावं लागतं. आमच्या बाई ज्यू. पण जिथे एकेकाळी ज्यूंचं मंदिर होतं आणि आज मशीद आहे त्या टेकडीचं नाव घ्यायची वेळ आली की एका दमात दोन्ही घ्यायच्या : हर हबाइत, हरम अल शरीफ. पाबळला मस्तानीची जागा आहे, तिला कुणी कबर म्हणतं कुणी समाधी. आम्ही पोरं दोन्ही म्हणायचो. इथे नाव घेणं म्हणजे सातबाऱ्यावर सही करणं.

बाजाराच्या छताखालून, तिळाच्या पावाच्या आणि मसाल्यांच्या वासातून, पायांनी गुळगुळीत झालेल्या फरशांवरून सावरत आम्ही एका लहानशा चौकात आलो. समोर पवित्र कबरीचं चर्च. येशूला क्रुसावर दिलं ती जागा आणि त्याची कबर, दोन्ही एकाच छपराखाली आहेत अशी श्रद्धा. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन बादशहानं ते बांधवलं, १००९ साली खलिफा हाकिमनं पाडलं, नंतर पुन्हा उभं राहिलं. आज त्याचे वाटेकरी सहा : ग्रीक, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, इथिओपियन आणि सीरियन. कोणता खांब कुणी झाडायचा, कोणता दिवा कुणी लावायचा, कोण कधी धूप घेऊन फिरणार, हे उस्मानी सुलतानांच्या १७५७ आणि १८५२च्या फर्मानांनुसार चालतं. या व्यवस्थेचं नावच 'जैसे थे'.

आता किल्ली. सहाही ख्रिस्ती, म्हणून ती एकाकडे नाही. शतकानुशतकं ती दोन मुसलमान घराण्यांत आहे; जौदेह घराण्यानं किल्ली सांभाळायची, नुसैबेह घराण्यानं दार उघडायचं. आमच्या गटातल्या एका जर्मन बाईंना हा सर्वधर्मसमभाव वाटला. मला आमचा पाटकरी आठवला. वाटेकऱ्यांत पटत नसलं की पाणी सोडायला बाहेरचा माणूस ठेवतात, त्यात समभाव कसला.

दारावरच्या खिडकीखाली कंगोऱ्यावर एक लाकडी शिडी टेकवलेली दिसते. अठराव्या शतकातल्या चित्रातही ती आहे. कुणी ठेवली, कशासाठी, याला आता महत्त्व नाही. काढायची तर सगळ्यांची संमती हवी, म्हणून ती तिथेच. छपरावर इथिओपियन साधू मातीच्या झोपड्यांसारख्या खोल्यांत राहतात आणि त्या जागेवर कॉप्ट आपला हक्क सांगतात. २००२च्या उन्हाळ्यात तिथे बसणाऱ्या एका कॉप्ट साधूनं ऊन लागतंय म्हणून आपली खुर्ची सावलीत सरकवली. बाचाबाची झाली, मग मारामारी. अकरा जण दवाखान्यात. बाई सांगत होत्या तेव्हा बाकीचे हसत होते. बांध कोरणं काय असतं हे ज्यानं पाहिलंय त्याला हसू येत नाही. वीतभर आज, हातभर पुढच्या पेरणीला.

आत कबरीवरचा छोटा मंडप पाहिला. तो भूकंपानं खिळखिळा झाला होता, तेव्हा इंग्रजांनी १९४७ साली त्याला लोखंडी तुळयांचा आधार दिला. राज्य गेलं, तुळया राहिल्या, कारण दुरुस्ती कुणी करायची ते ठरेना. इथला नियम आमच्या विहिरीचाच : जो डागडुजी करतो तो मालक. अखेर मंडप कोसळायचीच भीती उभी राहिली तेव्हा ग्रीक, कॅथलिक आणि आर्मेनियन यांनी मिळून काम काढलं. २०१७च्या मार्चमध्ये तुळया निघाल्या. सत्तर वर्षं. आमच्या चिऱ्यांची पंधरा म्हणजे काहीच नाही.

पश्चिम भिंतीकडे निघालो तेव्हा माझ्या खिशात एक चिठ्ठी होती. मी उतरलोय लोद गावात, कोकणातून आलेल्या एका बेने इस्रायल ज्यू आजींकडे; चिठ्ठी त्यांचीच. मराठी अशी की अलिबागचा बाजार आठवावा. कोकणात यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आजी म्हणतात, "इथे आलो तर सगळा देशच शनिवार तेली." खरंच, शुक्रवारी दिवस मावळला की आगगाड्या थांबतात, रविवारी पोरं शाळेत. पण आल्याबरोबर त्यांना वाटा मिळाला नाही. लग्नाच्या वेळी इथले धर्मगुरू बेने इस्रायलांच्या वंशाबद्दल शंका काढायचे, पिढ्यांचा हिशेब मागायचे. त्यांनी धरणं धरलं तेव्हा १९६४ साली इथल्या संसदेनं ते पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला. वारसनोंद लागायला एवढी वर्षं गेली.

भिंत म्हणजे मंदिर नव्हे. हेरोद राजानं मंदिरासाठी टेकडीला घातलेल्या आधारभिंतीचा तो तुकडा. मंदिर रोमन सैन्यानं इसवी सन ७०मध्ये जाळलं. चिऱ्यांच्या फटींत चिठ्ठ्या कोंबलेल्या असतात; वर्षातून दोनदा त्या काढून ऑलिव्हच्या डोंगरावर पुरतात, जाळत नाहीत. आडपडद्यानं डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. पुरुषांचा भाग बराच मोठा, आणि त्यावरूनही वाद आहेतच.

तिथून टेकडीवर जाणाऱ्या लाकडी पुलाशी ज्यू धर्मपीठाचा फलक आहे : जागा इतकी पवित्र की ज्यूंनी वर जाऊ नये. बाई खालीच थांबल्या. वर गेलो. सोनेरी घुमटाची वास्तू ६९१-९२ सालची, निळ्या फरश्यांनी मढलेली. पलीकडे अल अक्सा मशीद. वहिवाट जॉर्डनच्या पाठबळावरच्या वक्फची, बंदोबस्त इस्रायली पोलिसांचा. मुसलमानेतरांनी ठरल्या वेळी फिरावं, प्रार्थना करू नये. आम्ही गेलो तेव्हा ओठ हलले तरी पोलीस जवळ यायचा. चिणलेल्या सोनेरी दरवाजाजवळची एक इमारत २००३पासून कुलुपात होती. गेल्या महिन्यात लोकांनी ती उघडून आत नमाज पढला. तेव्हापासून तणाव आहे. एका कुलपाचा.

उत्तरेकडे हेरोद वेशीजवळ भारतीयांची एक धर्मशाळा आहे. सूफी संत बाबा फरीद इथे राहून ध्यानाला बसले होते असं मानतात. १९२४पासून सहारनपूरहून आलेलं अन्सारी घराणं ती पाहतं. दारात हिंदी बोलणारा माणूस भेटला, पाणी मिळालं, दहा मिनिटं सावलीत बसलो. चपला काढून बसता येईल अशी आज दिवसभरातली ही पहिली जागा.

रात्री लोदला पोचलो. आजींनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "चिठ्ठी ठेवलीस ना रे?"

"ठेवली."

"कुठल्या बाजूला?"

मी पुरुष, मला उजवीकडे कोण जाऊ देणार? म्हणून गाइड बाईंच्या हाती दिली होती, त्यांनी बायकांच्या बाजूला ठेवली, असं सांगितल्यावर आजी ताट वाढायला आत गेल्या.