"स्पॅम आहे" असं मी का म्हटलं? फॅन-फिक्शन आणि आपली लाज

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. हेडफोन घरी विसरला असाल तर बसमध्ये, लोकलमध्ये वाचून घ्या. बोलताना जे "अं… म्हणजे…" झालं ते काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या फजितीने करते. दोनेक वर्षांपूर्वी ऑफिसच्या कॉलवर मी स्क्रीन शेअर करून एक बग दाखवत होते. अख्खी टीम बघतेय. तेवढ्यात कोपऱ्यात मेलचं नोटिफिकेशन आलं, की तुमच्या गोष्टीला कुडोज मिळाले. कुडोज म्हणजे साधारण लाइकसारखंच. कुणीतरी विचारलं, "हे काय गं?" आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "स्पॅम आहे."

एकाने शोधून काढलंच. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, "काय रायटर मॅडम, हॅरी पॉटरचं लग्न लावलं की नाही?" सगळे हसले. मीही हसले. पण रात्री झोप लागेना. त्यांच्या हसण्याचं एवढं काही नाही, पण माझं ते "स्पॅम आहे" मला टोचत होतं. कारण ती गोष्ट मी माझ्या आजीसाठी लिहिली होती.

थांबा, आधी फॅन-फिक्शन म्हणजे काय ते सांगते. आपल्याला आवडलेल्या पुस्तकातली, सिनेमातली, मालिकेतली पात्रं घ्यायची आणि त्यांची नवी गोष्ट लिहायची. मूळ लेखक जिथे थांबला तिथून पुढची, किंवा त्याने जिकडे फारसं बघितलंच नाही तिकडची. विकायची नाही, ज्याला हवी त्याने फुकट वाचायची.

हॅरी पॉटरच्या पाचव्या पुस्तकात एक छोटासा प्रसंग आहे. नेव्हिलचे आई-वडील हॉस्पिटलमध्ये आहेत, छळामुळे त्यांचं भान हरपलंय, ते त्याला ओळखत नाहीत. त्याची आई येते आणि त्याच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते टाकून दे, पण तो गुपचूप खिशात घालतो. बस, एवढंच.

माझी आजी, म्हणजे आईची आई, शेवटची तीन वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. मी सांगलीला गेले की मुठीत बडीशेप द्यायची आणि विचारायची, "तू कुणाची गं?" हे मला सरळ लिहिता येत नव्हतं. दोनदा बसले, दोनदा फाईल बंद केली. मग एका रात्री नेव्हिलवर लिहायला घेतलं, की त्या सगळ्या कागदांचं तो पुढे काय करतो. चार तासांत गोष्ट झाली. उसनं पात्र होतं म्हणून मला रडता आलं.

हे काही नवीन नाही

लोकांना वाटतं हे इंटरनेटवरच्या रिकामटेकड्या पोरांचं खूळ आहे. तसं नाही. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारलं आणि वाचकांच्या दबावापुढे १९०३ मध्ये परत आणलं. पण डॉयल स्वतः लिहीत होता त्याच काळात इतर लोकही होम्सच्या नकला लिहीत होते. 'पीटर पॅन'वाला जे. एम. बॅरी त्यातलाच.

आज ज्याला आपण फॅन-फिक्शन म्हणतो त्याचं मूळ 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांमध्ये सापडतं. मालिका १९६६ ला सुरू झाली आणि १९६७ मध्ये 'स्पॉकानेलिया' नावाचं चाहत्यांनी स्वतः छापलेलं मासिक निघालं. या मंडळींत बायका खूप होत्या.

आता माझ्यातल्या इंजिनिअरचा लाडका भाग. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', म्हणजे एओथ्री. त्यामागची ना-नफा संस्था २००७ मध्ये सुरू झाली आणि साइट २००९ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. एक कोटीहून जास्त गोष्टी, एकही जाहिरात नाही, खर्च देणग्यांवर. कोड ओपन सोर्स आहे, रूबी ऑन रेल्सवर, आणि सुरुवातीला तो लिहिणाऱ्यांमध्ये कोडिंग तिथेच शिकलेल्या बायकाही होत्या. लेखक मनाला येईल तसे टॅग टाकतात आणि एकाच अर्थाचे टॅग माणसं हाताने एकमेकांना जोडतात, फुकट! तुमच्या कंपनीत डेटा साफ करायला किती जण तयार होतात, आठवून बघा. २०१९ मध्ये या साइटला ह्यूगो पुरस्कार मिळाला, विज्ञानकथांमधला अतिशय मानाचा.

मग लाज कशाची?

"दुसऱ्याची पात्रं चोरली" हा पहिला आरोप. पण आपल्या घरातलं कपाट उघडा. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' कुणाच्या पात्रावर आहे? वि. स. खांडेकरांचं 'ययाति'? त्याला तर ज्ञानपीठ मिळालं. पु. लं.ची 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आली. फरक आहे, मान्य. महाभारत सगळ्यांचं आहे आणि हॅरी पॉटरचा कॉपीराइट आहे. म्हणून तर पैसे कमवायचे नाहीत हा एओथ्रीचा नियमच आहे. पण हा झाला कायद्यातला फरक. "मोठी हो जरा" म्हणताना कुणाच्या डोक्यात कॉपीराइट नसतो.

मला विचाराल तर लाजेची कारणं तीन. एक, लिहिणाऱ्या बऱ्याचशा मुली. दोन, विषय बहुतेकदा प्रेम. तीन, पैसे मिळत नाहीत.

पहिलं बघा. १९७३ मध्ये पॉला स्मिथ हिने 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांची गंमत करणारी छोटी गोष्ट लिहिली. नायिका मेरी स्यू, वय साडेपंधरा, सगळ्यात हुशार, सगळे तिच्यावर फिदा. गंमत चांगली होती. पण पुढे तेच नाव शिवीसारखं झालं. मुलीने जरा कर्तबगार नायिका लिहिली की "मेरी स्यू!" आपला सिनेमातला हीरो एकटा पन्नास गुंड लोळवतो, त्याला मात्र शिट्ट्या.

दुसरं. २०११-१२ मध्ये 'इस प्यार को क्या नाम दूँ' चालू होती, तेव्हापासून अर्णव-खुशीवर मुलींनी ढिगाने गोष्टी लिहिल्यात. त्यावर हसायचं. आणि आयपीएलच्या लिलावात आपण मालक असतो तर कुणाला घेतलं असतं, यावर रात्री दोनपर्यंत वाद घालणारे? तीही कल्पनाच ना, पण त्याला पॅशन म्हणतात.

तिसरं. "यातून मिळतं काय?" हा प्रश्न ट्रेकिंगला जाणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं कौतुक मला जमत नाही. यातलं बरंच लिखाण कच्चं असतं, माझंही होतं. काही मजकूर फक्त मोठ्यांसाठी असतो. त्यासाठी रेटिंग आणि इशारे असतात, पण ते लहान मुलं पाळतीलच असं नाही. खऱ्या जिवंत माणसांवर लिहिणं मला स्वतःला पटत नाही. या गोष्टींवर बोलायलाच हवं. पण बोलणं वेगळं आणि चिडवणं वेगळं.

सांगलीचा फोन

हा फरक मला नीट कळला तो या मार्चमध्ये. मामीचा फोन आला. "तू शिकलेली आहेस, तुझ्या बहिणीला समजाव. अकरावीला आहे आणि रात्री मोबाइलवर कसल्यातरी गोष्टी लिहीत बसते." मामेबहीण 'हायक्यू' नावाच्या व्हॉलीबॉलवरच्या ॲनिमेवर लिहीत होती. तिच्या भावाला सापडलं आणि त्याने जेवताना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. तिने त्याच रात्री सगळं डिलीट केलं. अकरा भाग.

मामीची काळजी खोटी नव्हती. रात्रीचं जागरण, अभ्यास, ऑनलाइन अनोळखी माणसं. मी पुन्हा "स्पॅम आहे"वालं काहीतरी गुळमुळीत बोलणार होते. मग म्हटलं, "मामी, मीही लिहिते."

"तू? कशावर?"

मी नेव्हिलची गोष्ट सांगितली. मग आजीची बडीशेप सांगितली. मामीने तीन वर्षं आजीचं सगळं अंथरुणात केलं होतं. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मराठीत आहे का ते?"

नव्हतं. आता करतेय, तिच्यासाठी.

आणि बहिणीला मेसेज टाकला, "मेल बघ. एओथ्रीवर गोष्ट डिलीट केली की तिची प्रत लेखकाच्या मेलवर येते." अकराच्या अकरा भाग होते तिथे. रात्री अकरानंतर फोन बंद, ही अट मामीने घातली आणि तिने मान्य केली.

तुमच्यातही कुणी असेल ना, फोल्डरला 'ऑफिस नोट्स' नाव देऊन गोष्टी लपवणारं? सगळ्यांना सांगायलाच पाहिजे असं नाही. टोपणनाव ठेवा, खुशाल ठेवा. फक्त कुणी विचारलं तर एकदा "स्पॅम आहे" न म्हणता बघा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, तो भाऊ आता बारावा भाग कधी येणार म्हणून विचारतोय.